ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि अचलपूरचा विद्यार्थी



संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील हे गाव अचलपूरहून फार लांब नाही. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे, असा बाबांचा परिपाठ होता. त्यांच्या कीर्तनाची एक रीत मात्र विशेष होती. उपदेश करण्याआधी बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत. समोर बसलेले शेतकरी, मजूर, आयाबहिणी उत्तरे देत. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि श्रोत्याला स्वतःची अडचण स्वतःच्याच शब्दांत उमगे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे विद्यापीठ आज बाबांचे नाव धारण करते. अशा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपले संकेतस्थळ नव्याने मांडावयाचे ठरविल्यास आरंभ कोठून करावा, याचे उत्तर बाबांच्या या रीतीतच आहे. आरंभ प्रश्नापासून करावा. आणि तो प्रश्न ग्रंथालयापासून सर्वांत दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आधी विचारावा.

दूरच्या वाचकाचे दार

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. त्यापूर्वी या भागातील महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. नव्या विद्यापीठामुळे ज्ञानाचे केंद्र वऱ्हाडच्या अंगणात आले. तथापि अचलपूरपासून अमरावती सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. अचलपूर-परतवाड्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक संदर्भ पाहावयाचा असेल, तर जाण्यायेण्यात दिवस मोडतो. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांच्या विद्यार्थ्यांना याहूनही लांबचा पल्ला पडतो. शेतीच्या हंगामात घरी राबणाऱ्या मुलाला किंवा सायंकाळच्या आत घरी पोहोचणे भाग असलेल्या मुलीला असा दिवस काढणे नेहमीच शक्य होत नाही. अशा वाचकाच्या दृष्टीने संकेतस्थळ हेच ग्रंथालयाचे महाद्वार होय.

ग्रंथ वाचकापर्यंत नेण्याचा विचार या देशात नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्या योजनेत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे याचे भान असावे, असे त्यांतील तीन सिद्धांत सांगतात. पुस्तकांच्या पेटीची जागा आज मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. सिद्धांत मात्र तेच आहेत. संकेतस्थळ चांगले की वाईट हे ठरविताना त्याच्या रंगरूपापेक्षा वाचकाचा किती वेळ वाचला, हा निकष लावला पाहिजे.

एका शब्दाची दोन रूपे

हा निकष अचलपूरच्याच उदाहरणाने तपासून पाहता येईल. समजा, येथील एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या गावाचा इतिहास लिहावयाचा आहे. ती शोधचौकटीत ‘अचलपूर’ असे लिहिते आणि पडद्यावर उत्तर येते : काहीही आढळले नाही. वास्तविक साहित्य विपुल आहे. १४९० च्या सुमारास उदयास आलेल्या आणि १५७४ मध्ये निजामशाहीत विलीन झालेल्या इमादशाहीची ही राजधानी. १९०५ पर्यंत हा स्वतंत्र जिल्हा होता. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे, तर अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर १९११ चे. परंतु इंग्रजी अमदानीतील या ग्रंथांत गावाचे नाव ‘एलिचपूर’ आणि प्रांताचे नाव ‘बेरार’ असे आहे, शिवाय ते रोमन लिपीत आहे. तालिकेत या नावांची परस्परांशी सांगड घातलेली नसेल, तर आपल्याच गावाचा इतिहास त्या मुलीच्या हाती लागत नाही.

‘वऱ्हाड’ या शब्दाची अडचण तर आणखी सूक्ष्म आहे. त्यातील अर्धा ‘र’ संगणकावर दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. परंतु यंत्राला तशी सूचना दिलेली नसल्यास ते त्यांना दोन वेगळे शब्द समजते. नोंद एका रूपात केलेली आणि शोध दुसऱ्या रूपात घेतलेला असेल, तर ग्रंथ कपाटात असूनही तो नाही असे उत्तर मिळते.

येथे मुख्य मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. ही विद्यार्थिनी तक्रार करणार नाही. पुस्तक नाही, असे समजून ती निमूटपणे परत फिरेल. ‘संकेतस्थळाविषयी आपण समाधानी आहात काय?’ असे तिला नंतर विचारले, तर ‘होय’ असेही ती सांगेल. कारण आपले काय हुकले हे तिला ठाऊकच नसते. म्हणून केवळ समाधान विचारणारी प्रश्नावली अपुरी ठरते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला आणि विद्यार्थ्याच्या मताला मूल्यांकनात स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होती. तथापि मत विचारणे आणि अडचण शोधून काढणे ही दोन वेगळी कामे आहेत.

विचारण्याच्या चार रीती

पहिली रीत म्हणजे काम देऊन पाहणे. विद्यार्थ्याला त्याच्या नेहमीच्या मोबाईलवर चार-पाच साधी कामे करावयास सांगावीत. अमुक पुस्तक ग्रंथालयात आहे काय? मागील परीक्षेची प्रश्नपत्रिका कोठे मिळेल? संत्र्यावरील रोगांविषयीचा प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधसंग्रहात आहे काय? ग्रंथालय रविवारी उघडे असते काय? विद्यार्थी ही कामे करीत असता ग्रंथपालाने शेजारी बसून पाहावे, मदत करू नये. तो कोठे थांबला, कोणत्या शब्दावर अडला, कोठून परतला, एवढेच टिपून घ्यावे. परीक्षा संकेतस्थळाची आहे, विद्यार्थ्याची नाही, हे त्याला आरंभीच स्पष्ट सांगावे. या विषयाचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० मध्ये असे प्रतिपादन केले, की एका वर्गातील पाच जणांनी काम करताना पाहिले तरी बहुतेक ठळक दोष उघडकीस येतात. मग ते दुरुस्त करून पुन्हा नव्या पाच जणांकडे जावे. या रीतीला मोठा निधी लागत नाही, ही गोष्ट ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मात्र पदवीचा विद्यार्थी, संशोधक आणि मेळघाटातून आलेला नवखा विद्यार्थी यांच्या अडचणी एक नसतात. म्हणून प्रत्येक वर्गातून वेगळे पाच जण घ्यावेत.

दुसरी रीत चिठ्ठ्यांची. संकेतस्थळावरील प्रत्येक सेवेचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहावे, त्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात आणि सारख्या वाटतील त्यांचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याला नाव देण्यास सांगावे. ‘ओपॅक’, ‘रिपॉझिटरी’, ‘ई-रिसोर्सेस’ हे शब्द ग्रंथपालाच्या रोजच्या व्यवहारातील आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘पुस्तक शोधा’, ‘प्रबंध वाचा’, ‘जुन्या प्रश्नपत्रिका’ हे शब्द जवळचे वाटतील. दाराची पाटी आत येणाऱ्याच्या भाषेत असावी, हे ओघानेच आले.

तिसरी रीत रित्या हाताने परतलेल्या शोधांची. कोणते शब्द शोधल्यावर काहीच मिळाले नाही, याची यादी संगणक ठेवू शकतो. ती महिन्यातून एकदा वाचली, तर अचलपूर-एलिचपूरसारख्या कित्येक गाठी सुटतील. या यादीत शोधणाऱ्याचे नाव ठेवण्याचे कारण नाही. कोण काय वाचतो ही वाचकाची खासगी बाब असून तिचा मान राखणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे.

चौथी रीत प्रश्नावलीची. ती वर्ज्य नाही. पण लहान असावी, मराठीत असावी आणि कागदावरही उपलब्ध असावी. संकेतस्थळावरच ठेवलेली प्रश्नावली केवळ तेथवर पोहोचलेल्यांचेच मत गोळा करते. ज्याच्या मोबाईलवर ते पान उघडतच नाही, त्याचे मत तीत कधीच येणार नाही. म्हणून प्रश्नावली महाविद्यालयाच्या वाचनकक्षात, वसतिगृहात आणि आदिवासी विद्यार्थ्यांच्या निवासस्थानी नेली पाहिजे. ज्यांच्या घरी कोरकू बोलली जाते, त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलणे अधिक उपयुक्त ठरेल. ‘संकेतस्थळ कसे वाटते?’ असे न विचारता ‘मागच्या वेळी पुस्तक हवे होते तेव्हा काय केले?’ असे विचारावे. कोणी मित्राकडून मागितले, कोणी दुकानातून मार्गदर्शिका घेतली, कोणी नाद सोडला, अशी उत्तरे येतील. नव्या मांडणीचा खरा आधार ती उत्तरेच होत.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना या कामातून वगळून चालणार नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली आज उपलब्ध आहेत. परंतु पुस्तकाच्या पानांची नुसती छायाचित्रे चढविली असतील, तर त्यांतील अक्षरे त्या आज्ञावलीला ओळखता येत नाहीत आणि वाचक दाराशीच थांबतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्यामुळे अशी सुलभता हा आता केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

आहे ते कळणे

विद्यार्थ्यांकडून आलेल्या मागण्यांपैकी काहींची सोय आधीच झालेली असते. वाचकाला ती ठाऊक नसते, एवढेच. भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांना संगणकाने जोडण्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम १९९१ मध्ये सुरू झाला. त्याच केंद्रामार्फत २०१० पासून ‘एन-लिस्ट’ ही योजना महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना नियतकालिके व ग्रंथ संगणकावर उपलब्ध करून देते. खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. या सेवांचे दुवे संकेतस्थळाच्या पाचव्या-सहाव्या पानावर दडलेले असतील आणि खाते कोणाकडून मिळवावयाचे हे तेथे सांगितलेले नसेल, तर त्यांवरील खर्चाचे चीज होत नाही. अचलपूरच्या विद्यार्थ्याला अमरावतीचे पुस्तक मिळण्यास कदाचित वेळ लागेल. परंतु त्याच्या महाविद्यालयाच्या सदस्यत्वामुळे मिळणारे नियतकालिक त्याला त्याच रात्री वाचता आले पाहिजे.

उत्तराची परतफेड

अभिप्राय गोळा झाल्यावर खरी कसोटी सुरू होते. मागण्या परस्परविरोधी असतात. परीक्षार्थीला प्रश्नपत्रिका अग्रभागी हव्या असतात, तर संशोधकाला नियतकालिके. केवळ मतांची संख्या मोजून निर्णय घेतला, तर थोड्यांची पण निकडीची गरज मागे पडते. मेळघाटातील दहा विद्यार्थ्यांची अडचण शहरातील शंभरांच्या सोयीपुढे आकड्याने लहान दिसेल. परंतु शहरातील विद्यार्थ्याला ग्रंथालयात प्रत्यक्ष जाण्याचा दुसरा मार्ग असतो, त्या दहांना तो नसतो. निर्णय घेताना हा भेद मोजला गेला पाहिजे.

घेतलेला निर्णय विद्यार्थ्यांना कळविणेही तितकेच आवश्यक आहे. वाचनकक्षाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर तीन रकाने असावेत : विद्यार्थ्यांनी काय सांगितले, त्यावर काय केले आणि जे करता आले नाही ते का करता आले नाही. ज्याच्या म्हणण्याला उत्तर मिळते, तो पुढच्या वेळी अधिक मोकळेपणाने बोलतो. ज्याचे पत्र अनुत्तरित राहते, तो पुन्हा लिहीत नाही. शक्य झाले नाही असे स्वच्छपणे सांगितल्याने संस्थेची प्रतिष्ठा कमी होत नाही. मौनाने मात्र विश्वास निश्चित उणावतो.

हे काम एकदा करून संपणारे नाही. दरवर्षी जून-जुलैत नवे विद्यार्थी येतात आणि त्यांच्याबरोबर नव्या अडचणी येतात. वर्षातून दोन वेळा पाच-पाच विद्यार्थ्यांजवळ बसून पाहण्याचा परिपाठ प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने ठेवला आणि आपली टिपणे विद्यापीठाकडे पाठविली, तर पाचही जिल्ह्यांचा अनुभव एका ठिकाणी जमा होईल. विद्यार्थ्यांनीही यात मागे राहू नये. शोधूनही पुस्तक मिळाले नाही, तर आपलेच चुकले असे समजून गप्प न बसता आपण कोणता शब्द लिहिला होता तेवढे ग्रंथपालांना येऊन सांगावे. त्या एका शब्दाने पुढच्या वाचकाची वाट मोकळी होते.

गाडगेबाबांनी गावे झाडली, ती आधी केर कोठे आहे हे पाहून. ग्रंथालयाच्या वाटेवरचा केर अमरावतीत बसून दिसणार नाही. तो अचलपूरच्या विद्यार्थ्याच्या हातातील मोबाईलवर दिसेल. त्याच्याजवळ बसावे, त्याला विचारावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. आपल्याच गावाचा इतिहास शोधणाऱ्या मुलीला तो पहिल्याच प्रयत्नात सापडला, म्हणजे संकेतस्थळाची नवी मांडणी सफल झाली असे खुशाल समजावे.