पेटी आपली, बाग सगळ्यांची

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाने कोणते छंद करावेत, याचे काही अलिखित नियम आहेत. तिकिटं जमवावीत, कुंडीत मोगरा लावावा, फार तर गॅलरीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवावं. ‘मी मधमाशा पाळतो’ असं मी सांगितलं, की समोरचा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो. आणि लगेच दोन पावलं पुढे येऊन विचारतो, ‘मग घरचा मध मिळत असेल की हो?’ श्रोतेहो, त्या मागे सरकण्याबद्दल आणि त्या पुढे येण्याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

मी मुलुंडला राहतो. निवृत्तीनंतर हा नाद लागला. आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, माझ्या दोन पेट्या आहेत. त्यासाठी सोसायटीच्या सभेत दीड तास चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नेमका प्रश्न विचारला, ‘माझ्या नातवाला चावली तर?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी कोणती माशी, हे सांगायला हवं.

उंच इमारतीच्या छज्जाखाली काळसर, भलंमोठं, उघड्यावर लोंबणारं पोळं आपण पाहतो. ते आग्या माशीचं. तिला उघडं आकाश लागतं, ती पेटीत राहत नाही आणि डिवचली तर थव्याने धावून येते. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं बांधते ती फुलोरी. आणि झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते ती सातेरी. सातेरीला अंधार आवडतो, म्हणूनच ती लाकडी पेटीत सुखाने नांदते. युरोपातून आपल्याकडे आलेली मेलिफेरा तिच्याहून जास्त मध देते, पण तिला मोठमोठी फुललेली शेतं लागतात. व्यवसाय करणारे लोक तिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून हंगामाप्रमाणे गावोगाव हलवतात. गच्चीवरच्या छंदाला आपली सातेरीच बरी.

पेटीची रचना साधी आहे. खालचा मजला पिलांचा, वरचा मधाचा. आत लाकडी चौकटी टांगलेल्या. पण या साधेपणामागे एक मोठा शोध आहे. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं, की माशा आपल्या घरात ये-जा करायला ठरावीक रुंदीची वाट मोकळी ठेवतात. ती असते जेमतेम ८-९ मिलिमीटर. फट मोठी असली तर तिथे पोळं बांधतात, लहान असली तर बुजवून टाकतात. नेमकी तेवढीच जागा सोडून चौकटी बसवल्या, तर त्या चिकटत नाहीत, पुस्तकाच्या पानांसारख्या एकेक बाहेर काढून पाहता येतात. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळं पिळायचं, पिलं मारायची, घर मोडायचं. आता मधाची चौकट मधयंत्रात फिरवून रिकामं पोळं माशांना परत देता येतं. घर शाबूत, पिलं शाबूत.

काम फार नाही, पण नेमाचं आहे. आठ-दहा दिवसांनी पेटी उघडायची. राणी अंडी घालते आहे ना, पोळ्यात मेणकिडा लागला नाही ना, एवढं पाहायचं. पेटीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे, नाहीतर मुंग्या आपल्याआधी मध चाखतात. तोंडावर जाळी, हातात धुराडं, आणि हालचाल संथ. घाई करणाऱ्याला माशा शिस्त लावतात. पेटी उघडण्यापूर्वी केळं खायचं नाही, हा आणखी एक नियम. माशी डंख मारते तेव्हा इतर माशांना सावध करणारा जो वास सोडते, त्याचा मुख्य घटक पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. होय, सातेरीही चावते. पेटीसमोर तिच्या वाटेत उभं राहिलं किंवा पेटीला धक्का दिला तर चावते. म्हणून पेटीचं तोंड भिंतीपलीकडे, मोकळ्या हवेकडे केलेलं आहे आणि गच्चीच्या त्या कोपऱ्याला कुलूप आहे. डंख बसला तर नांगी नखाने खरवडून लगेच काढायची. पण अंगावर सगळीकडे गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठायचं. ज्यांना अशी ॲलर्जी आहे, त्यांनी हा छंद करू नये. हे सगळं सभेत सांगितलं, तेव्हा कुठे आजींनी हात वर केला.

आणि मध? चांगलं वर्ष असेल तर माझ्या दोन पेट्यांचा मिळून चार-पाच किलो. बस. एक कामकरी माशी जन्मभरात चहाच्या चमच्याचा साधारण बारावा हिस्सा मध तयार करते, असा मेलिफेराचा नेहमी सांगितला जाणारा हिशेब आहे. सातेरी तर तिच्याहून लहान. ते कळल्यापासून आमच्या घरी बरणीला चिकटलेला मध कोमट पाण्याने विसळून पिण्याची पद्धत पडली आहे.

या मधाला दरवेळी वेगळी चव असते. जांभूळ फुलून गेल्यावरचा मध किंचित कडवट-तुरट, त्यानंतरचा अगदी निराळा. वर्षभर एकाच रंगाच्या, एकाच चवीच्या बाटलीची सवय असलेल्या पाहुण्यांना तो ‘खरा’ वाटत नाही, ही गंमतच. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली, तेव्हा त्यातले १० ब्रँड कसोटीला उतरले नव्हते. साखरेच्या पाकाची भेसळ नेहमीच्या चाचण्यांना चकवून जात होती. मग काचेवर थेंब टाकून किंवा पाण्यात धार सोडून घरी काय कळणार?

एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाळाला मधाचं बोट चाटवायची आपली जुनी रीत आहे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कितीही शुद्ध असला तरी. मधात क्वचित असे जिवाणू असतात, की ते मोठ्यांना बाधत नाहीत, तान्ह्याच्या जिवावर मात्र बेतू शकतात.

आपल्याकडे या छंदाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जूनमध्ये झड लागली की माशा बाहेर पडू शकत नाहीत आणि फुलंही फारशी नसतात. मे महिन्यात वरचा मजला मधाने भरलेला असतो. तो सगळा काढून घेतला तर बरण्या भरतात, पण जुलैत माशा उपाशी मरतात, नाहीतर घर सोडून जातात. साखरेचा पाक देता येतो, मीही गरज पडली तर देतो. पण मधाची सर पाकाला नाही. म्हणून पावसाआधी मी निम्म्या चौकटींना हात लावत नाही. घरचा मध म्हणजे माशांचं भागून जे उरतं ते.

पण माशांचं भागणार कशावर? सातेरी साधारण किलोमीटरभर फिरते. पेटीभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त मुलूख होतो. त्यात माझ्या मालकीच्या फक्त सात कुंड्या! बाकी शेवगा कुणाच्या कंपाउंडमधला, जांभूळ शाळेच्या आवारातली, करंज आणि सोनमोहोर रस्त्याकडेचे, नारळ जुन्या बंगल्यातले. जानेवारीत शेवगा, मार्चपासून जांभूळ, मग कडुलिंब, करंज, सोनमोहोर, असं पंचांग आता मला पाठ झालं आहे. पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. तिथे २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली कारवी फुलली. आठ वर्षांनी एकदा येणारा तो निळा-जांभळा सोहळा. आपल्याला तिथलं पानही तोडायला बंदी आहे, डोंगरालगतच्या माशांना मात्र कुणी अडवत नाही.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या दोन जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या. त्यांच्या आवारातले करंज आणि शेवगे गेले. त्या उन्हाळ्यात पेटी उचलून पाहिली, तर नेहमीपेक्षा हलकी लागली. मध काढलाच नाही त्या वर्षी. घरात कुणी तक्रार केली नाही. पण झाड तोडण्याची नोटीस खोडावर लागलेली दिसली, की मी आता थांबून वाचतो आणि मुदतीत हरकतीचं पत्र देतो. आधी मी तिथून नुसता चालत जात असे.

ज्यांना खरोखर पेटी ठेवायची आहे, त्यांनी आधी शिकून घ्यावं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. विलेपार्ल्याला इर्ल्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय आहे. महाबळेश्वरला गेलात तर बाजारातून मधाची बाटली घेऊन न परतता जवळच्या मांघरला जा. २०२२ साली ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

पेटी सगळ्यांना ठेवता येणार नाही, आणि प्रत्येक गच्चीवर ती असावी असंही नाही. फुलं तेवढी हवीत ना! मात्र घरोघरी तुळस असते. मंजिऱ्या आल्या, की त्या आपण लगेच खुडतो. त्याआधी चार दिवस थांबा. सकाळच्या उन्हात तिथे कोण येतं, ते पाहा.