स्टेअरिंगला प्ले आलाय, म्हणजे नेमकं कुठं?

आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात जुनी मारुती ८०० नाहीतर ओम्नी अजून पुष्कळ दारांत उभी दिसते. ८०० बनायची २०१४ मध्ये थांबली, तरी डेअरीचं दूध, बाजारची भाजी, शाळेची पोरं तिच्यातूनच जातात. चालवायला आपणच. आणि तक्रार ठरलेली: स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही, सरळ रस्त्यालाही सारखी सावरावी लागते. हंगामात रात्री समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, की पोटात गोळा येतो.

गॅरेजवाला म्हणतो, "ताई, अख्खा रॅक बदला." लागतही असेल. पण पैसे मोजायच्या आधी आम्ही काय बघतो, ते ऐका.

आधी टायरची हवा. पुढं हवा कमी असली तरी गाडी अशीच लोळते, आणि हे काम जवळजवळ फुकटात होतं.

मग सपाट जागी चाकं सरळ करून हँडब्रेक ओढा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, नाहीतर बंद. स्टेअरिंग हलकं डावी-उजवीकडं हलवा. चाक हलायच्या आधी स्टेअरिंगची कड दीड-दोन बोटं फिरली तर चालतं, चार बोटं नाही.

पुढचं काम दोघींचं. एकीनं स्टेअरिंग हलवत राहायचं, दुसरीनं बॅटरी घेऊन चाकाशेजारी बसायचं. हालचाल कुठं अडते ते बघा. दांडी हलते पण चाक मागं राहतं, तर टायरॉड एंड गेला. रॅकच जागेवर सरकतो, तर त्याचे बुश. काहीच पुढं जात नसेल, तर पेडलजवळचा जॉइंट बघा.

नंतर मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर घ्या. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, आणि स्वतः खाली जायचं नाही म्हणजे नाही. घड्याळातल्या तीन आणि नऊवर चाक धरून हलवलं आणि खटखटलं, तर बहुतेक टायरॉड. बारा आणि सहावर हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दुसरीला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

जुन्या जीपला रॅक नसतो, स्टेअरिंग बॉक्स असतो. त्यावरचा स्क्रू आवळून प्ले कमी होतो खरा, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. तो उद्योग घरी नको.

टायरॉड एंड बदलला की अलाइनमेंट करायचीच, नाहीतर नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत खाल्ले जातात. जुना पार्ट मागून घ्या आणि हातात हलवून बघा.

टायरॉडचा नट सैल दिसला, किंवा त्यातली पिन नसली, तर गाडी गॅरेजपर्यंतही न्यायची नाही. तो सुटला की चाक मनाला येईल तिकडं वळतं. मेकॅनिकलाच घरी बोलवा.