नंबर कुणाचा?

(अहमदपूर येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या घरात फोन आहे, हे आपण सहज सांगतो. पण त्यातला नंबर कुणाच्या नावावर आहे? आज एवढंच विचारायला उभी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा देशात मोबाईल नव्हता. लेकीची खुशाली कळायला एसटीडी बूथवर रांग लावायची, नाहीतर कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचा. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले आणि मोबाईल सुरू झाला. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये ते बंद झाले. मग सासरची लेक मिस कॉल द्यायची, आई उलट फोन करायची. पदरी पैसा नसलेल्या बाईला याचा मोठा आधार झाला.

त्या टूजी फोनवर बोलणं चाले तोवर एक वाट फक्त तुमच्यासाठी राखलेली असे. फोरजीत, म्हणजे एलटीईत, बोलणं, फोटो, पैशाचा व्यवहार, सगळ्याचे बारीक तुकडे होऊन एकाच रस्त्याने जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत ते सुरू झालं, २०१२ मध्ये कलकत्त्यात आलं. २०१६ मध्ये जिओ आलं, त्यात टूजी नव्हतंच. जुना बटणाचा फोन तिथे निकामी. १ ऑक्टोबर २०२२ ला फाईव्हजीही आलं.

पण घरात नवा फोन आधी कुणाच्या हाती जातो? नवऱ्याच्या, मग मुलाच्या. उरलेला आपला! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, स्त्रिया फक्त ३३.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितलं. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्याही. विधवा आणि घटस्फोटित बायकांना पुढे कागदपत्रं देण्याची सोय झाली. पण नवऱ्याने टाकलेली, वडील नसलेली, हाती घटस्फोटाचा कागदही नसलेली बाई? जो तिला घरात घेत नाही, त्याच्याच दारात तिने ओटीपी मागायला जायचं का? पैसे बाईचे, आणि किल्ली त्याच्या खिशात!

टॉवर गावात आला म्हणजे फोन बाईच्या हातात आला, असं होत नाही. तेव्हा घरी गेल्यावर पाहा, आपल्या आधारला आणि बँकेच्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे. दुसऱ्याचा असेल तर स्वतःच्या नावावर सिम घ्या आणि आधार केंद्रात, बँकेत जाऊन तो नंबर बदलून घ्या. एकटीला जायला संकोच वाटला तर चौघी मिळून जा. आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या ओटीपीची अट नको, ही मागणी आपण सगळ्याजणी मिळून लावून धरू.

सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आपण भांडतोच. आता नंबरही आपल्याच नावावर हवा.