टाके आणि मध

पहिलं बाळंतपण झालं, बाळ सुखरूप आहे, पण बाळंतिणीला धड बसवत नाही. खालचे टाके ठणकतात. अशा वेळी घरातलं कुणीतरी सांगतंच, "थोडा मध लाव."

सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही. मधात पाणी जेमतेम 18 ते 20 टक्के असतं आणि तो आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. जखमेच्या ओलाव्यात त्यातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. इराणमध्ये बाळंतिणींच्या टाक्यांवर मधाचं क्रीम वापरून चाचण्या झाल्या आहेत. मात्र वेदना नक्की कमी होतात, असा ठाम पुरावा अजून नाही.

आणि हे क्रीम म्हणजे फडताळातली बरणी नव्हे! जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तोही डॉक्टरांना विचारूनच लावावा. तोवर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा, दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा. ताप, पू किंवा दुर्गंधी असेल, टाके उसवले असतील, तर थेट दवाखाना गाठा.

बाळाला मात्र वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा चाटवू नका; त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.