इअरबड्स पारखताना

महागडे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घेताना काय पाहावं? त्यांतले मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि स्पीकर नेमक्या उलट लहरी सोडून तो दाबतात. पंख्याची, रेल्वेची, विमानाची सततची घरघर त्यामुळे छान दबते. बोलणं किंवा अचानक वाजलेला हॉर्न तितका दबत नाही. सिलिकॉनचं टोक कानात नीट बसायला हवं. फट राहिली, तर घरघर आत शिरतेच. बॅटरी किती तास चालते, हे कॅन्सलेशन चालू ठेवूनच तपासा. फोन लावून पलीकडच्याला आवाज स्पष्ट येतो का, विचारा. कानांचीही काळजी घ्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी 80 डेसिबल आवाजात ऐकण्याची मर्यादा आठवड्याला 40 तास आहे. गोंगाट दबला की गाणं हळू आवाजातही ऐकू येतं, आणि कान जपले जातात. रस्त्यावर मात्र इअरबड्स काढूनच चाला.