जांबाचा पाला आणि मीठ-साखरेचं पाणी

पाऊस उघडीप देईना झालाय, आणि आमच्या गटांच्या बैठकीत सध्या हप्त्यांपेक्षा पोरांच्या ढाळवांत्यांचीच चर्चा जास्त. म्हणून आज तोच विषय घेते. आधी माझी चूक सांगते, म्हणजे 'ही कोण मोठी शिकवणारी' असं कुणाला वाटायचं नाही.

माझी मुलगी दीड वर्षाची होती. सकाळपासून पाण्यासारखे जुलाब. सासूबाईंनी परसातल्या जांबाची कोवळी पानं उकळून काढा पाजला. पुण्या-मुंबईकडं पेरू म्हणतात, आपल्याकडं जांबच. दुपारी जरा थांबल्यासारखं वाटलं. पोरगी पाणी मागायची, तर सासूबाई म्हणाल्या, "पाणी देऊ नको गं, पाण्यानं अजून जोर धरतंय." मी बीए झालेली, पण मीही दिलं नाही. वर मेडिकलातून एक गोळी आणून अर्धी चारली. संध्याकाळी तिचे डोळे खोल गेले. रडली तरी डोळ्यात थेंब नाही, दुपारपासून लघवी नाही. मोटारसायकलवर मधे धरून मुखेडला नेलं. सलाइन लागलं, दोन दिवसांनी घरी आलो. डॉक्टरांनी काढ्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी का बंद केलं?"

मग तो काढा फुकट होता का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर सापडलं ते मुंबईत. तिथं वरळीला 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही डॉ. नोशीर अँटिया यांनी उभी केलेली संस्था आहे. तिथल्या डॉ. तन्नाझ बिर्डी, डॉ. पूनम दासवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या आज्यांचीच औषधं प्रयोगशाळेत तपासली. जांबाच्या पानांवरचा त्यांचा लेख २०१० चा. त्यात असं आढळलं, की काढ्यानं कॉलऱ्याच्या आणि शिगेलाच्या जंतूंना आळा बसतो. शिगेला म्हणजे रक्ताची आव पाडणारा जंतू. शिवाय जंतू पेशींना चिकटणं कमी होतं, आणि पाणी सोडायला लावणारं त्यांचं विषही कमी तयार होतं. एका प्रकारच्या विषावर मात्र काहीच परिणाम झाला नाही.

बेलफळाची गंमत वेगळीच. २००९ च्या लेखात कच्च्या बेलाच्या गराचा काढा सहा जातींच्या जंतूंवर वापरून पाहिला, तर एकही मेला नाही! पण त्यांचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं. म्हणजे चोर मारला नाही, पण दाराला कडी घातली. हे ऐकून सासूबाई इतक्या खूश झाल्या, की शेजारणींना बोलावून सांगितलं.

पण हे सगळं काचेच्या बशीत झालंय, हेही मी त्यांना सांगितलं. तापलेल्या, सुकलेल्या लेकराच्या पोटात किती काढा, किती वेळा, हे त्यातून ठरत नाही. आणि कडी घालेपर्यंत अंगातलं पाणी गेलं त्याचं काय? जुलाबात लेकरू दगावतं ते बहुतेक वेळा पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. काढ्यात पाणी असतं, पण लागेल तेवढं मीठ-साखर नसतं.

हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं डॉ. दिलीप महालनबिस यांनी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईतून पळून आलेले लोक बंगालमधल्या बनगावच्या छावणीत होते. तिथं कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्याच हातानं पाजायला लावलं, आणि माणसं वाचली. जंतूचं विष आतड्याला पाणी सोडायला लावतं, पण साखरेबरोबर मीठ ओढून घ्यायची आतड्याची वाट उघडीच राहते. मिठामागं पाणी येतं. एवढं साधं आहे ते.

ओआरएसची पुडी आशाताईंकडं मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजानं टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. झिंकच्या गोळ्या आशाताई देतात, त्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडतात बायका, मीही सोडल्या होत्या.

संडासात रक्त पडलं, लेकरू मलूल झालं, पीत नाही, सहा तास लघवी नाही, किंवा पोटात काही ठरतच नाही, तर काढा उकळत बसायचं नाही, गाडी काढायची. जाताना वाटेतही पाणी पाजत राहायचं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मुरडशेंग उगाळून, गुटी घासून काही द्यायचं नाही. यावर मला घरोघरी बोलणी खावी लागतात, तरी सांगते. बाजारातून कुड्याची साल आणणाऱ्यांनीही जपावं. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल गळ्यात मारतात.

आता आमच्या घरी लेकरू आजारी पडलं की सासूबाई आधी पुडी शोधतात. जांबाचा काढा त्या अजूनही करतात, मोठ्यांसाठी. मी अडवत नाही. गटाच्या पेटीत पासबुकांशेजारी आम्ही दहा पुड्या ठेवल्यात. संपल्या की आशाताईंकडून आणायची पाळी लावलीय.

२०२५ च्या ऑगस्टात लेंडीच्या पाण्यानं रावणगाव, हसनाळकडं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. पूर ओसरला तरी विहिरीत, बोअरमध्ये गेलेली घाण तिथंच राहते. पुढच्या मंगळवारी ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर कधी टाकतात, किती टाकतात आणि ते आपण बायकांनी कसं विचारायचं, यावर बोलू. तुमच्या गावची टाकी शेवटची कधी धुतली, तेवढं तोवर विचारून ठेवा.