खोलीत कोणी आहे का?



घरातला माणूस कोणत्या खोलीत आहे, हे आपल्याला न बघताही कळतं. खोकला, चपलांची फटफट, भांड्याचा आवाज एवढं पुरतं. पण माणूस आला की दिवा लागावा, गेला की पंखा बंद व्हावा, असं आपल्याला वाटू लागलं आणि हीच साधी गोष्ट यंत्राला शिकवताना इंजिनियर मंडळींच्या नाकी नऊ आले.

या खटाटोपातला एक जुना आणि मला फार आवडणारा प्रयोग केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत झाला. रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. कपड्यांवर लावायचा एक बिल्ला, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह बॅज’, साधारण दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांचा इशारा सोडत असे. अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. त्यामुळे ज्या खोलीतल्या उपकरणानं इशारा टिपला, ती माणसाची खोली. मग त्याचा फोन त्या खोलीत जोडून देता येई. बिल्ला खणात ठेवला की अंधार ओळखून बॅटरी वाचवण्यासाठी तो गप्प होई. सोय बॅटरीची होती खरी, पण त्यामुळे माणसाला मनात येईल तेव्हा यंत्रणेच्या नजरेआड होता येत होतं. ही सोय पुढं अनेक जण विसरले, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या रोजच्या जगात या. इमारतीच्या जिन्यात किंवा हॉटेलच्या प्रसाधनगृहात दिवा आपोआप लावणारी जी डबी असते, ती शरीराची उष्णता टिपते. तिच्यावरचं दुधी प्लास्टिकचं झाकण हे खरं तर अनेक छोटी भिंगं असतात. ती समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलात की डबीला तुमची चाहूल लागते. याचा अर्थ, तिला हालचाल कळते, माणूस कळत नाही. पेपर वाचत निवांत बसलात की काही मिनिटांनी दिवा जातो आणि आरती ओवाळावी तसा हात हलवावा लागतो. शिवाय तिला शरीर आणि भिंत यांच्या तापमानातला फरक लागतो. मे महिन्यात नागपुरातली पश्चिमेकडची भिंत तापून आपल्या कातडीइतकीच गरम झाली, की ही डबी आंधळी व्हायला लागते.

मग लोक म्हणाले, फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याच्या ब्लूटूथचा माग काढू. खोलीखोलीत काही शे रुपयांचं ईएसपी-३२ बोर्ड लावायचं आणि ज्याला फोनचा इशारा सर्वांत जोरात ऐकू येईल, ती खोली धरायची. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. फोन मागच्या खिशात ठेवून पाठ फिरवली, तर आकडे असे बदलतात की हॉलमधला माणूस स्वयंपाकघरात दिसू लागतो. त्याहून मोठी अडचण साधी आहे. फोन ओट्याशेजारी चार्जिंगला आणि माणूस आंघोळीला! लहान मुलांकडे फोन नसतो, कामाला येणाऱ्या मावशींचा पिशवीत असतो, आजींचा देवघरापाशी. या यंत्रणेच्या लेखी मुलं घरात नसतातच, आणि बाकीचे भलत्याच खोलीत असतात.

अलीकडे छोटे रडार आले आहेत. २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडून ते श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर वर-खाली होते, तेही पकडतात. पेपर वाचणाऱ्याचा प्रश्न सुटला. पण पंख्यानं हलणारा पडदा आणि पावसाळ्यात घरात वाळत घातलेली लुगडी यांनाही ते माणूस समजतात. शिवाय प्लायच्या पार्टिशनपलीकडे त्यांना दिसतं. विटांच्या जाड भिंतीच्या घरात हे रडार गुणी, पण पार्टिशन टाकलेल्या वन-रूम-किचनमध्ये मात्र गोंधळच.

माझं मत विचाराल तर उष्णतेच्या डबीनं दिवा लावावा आणि रडारनं तो चालू ठेवावा. पहिली चटकन जागी होते, दुसरा चिकाटीचा आहे. या जोडीला ‘कोणीतरी आहे’ एवढंच कळतं, ‘कोण’ ते कळत नाही. दिव्या-पंख्याला त्यापलीकडे हवंय तरी काय? अमुक माणूस रात्री कितीदा उठला, बाथरूममध्ये किती वेळ होता, याची नोंद सुरू झाली की ती सोय राहत नाही, पाळत होते. आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीनं घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. त्यामुळे सासूच्या खोलीत सुनेनं किंवा मुलाच्या खोलीत बापानं काय बसवावं, हे घरातच ठरवावं लागणार. एकट्या राहणाऱ्या आजी पडल्या तर कळावं, हा हेतू चांगलाच आहे. पण डबी बसवण्याआधी आजींना विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर बसवू नका.

घरी करून पाहायचं असेल, तर कोठीच्या खोलीसारख्या ठिकाणापासून सुरुवात करा, जिथं चूक झाली तरी कोणी अंधारात अडखळणार नाही. आणि भिंतीवरची बटणं काढून टाकू नका.